मी मारलेला ऑल्टरनेटर

चालू इंजिनवर बॅटरीची वायर मी काढली. माझ्याच हातांनी, दहा नंबरच्या पान्यानं, आणि वर चेहऱ्यावर हसू ठेवून. आज माझी नात मोटारीचं बॉनेट उघडलं तरी मला हाक मारते, पण त्या दिवशी मी जे केलं ते तिनं केलं असतं तर मी तिला महिनाभर गाडीला हात लावू दिला नसता.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. त्यानंतर माझं ज्ञान कमीकमीच होत गेलं.

हैदराबादेत कुकटपल्लीच्या एका वर्कशॉपमध्ये मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, आणि त्यावर नव्या मोटारींचं तीन दिवसांचं ट्रेनिंग. नव्या मोटारी नुकत्याच येऊ लागल्या होत्या. तोवर वर्कशॉपात अँबॅसडर यायची, तिला मार खायची सवय होती. या नव्या गाड्या नाजूक, चकचकीत, बॉनेटखाली सगळं दाटीवाटीनं बसवलेलं. विद्यानगरहून रोज मोपेडवर येताना मी स्वतःला त्या नव्या गाड्यांपैकीच एक समजत असे. घरी आमचं सगळं खानदान शेतकरी, मराठवाड्याकडचं. मुलगी ग्रीसचे हात घेऊन घरी येते याचं आईला एवढं दुःख होतं की ती माझ्या नखांकडे न बघता जेवण वाढायची.

वर्कशॉपचे मालक नरसिंगराव. त्यांना आम्ही 'सार' म्हणायचो. आणि इलेक्ट्रिशियन म्हणजे गौस चाचा. साठीला आलेले, पांढरी दाढी, कानावर टेस्टर खोचलेला. ते मला 'इंजनेर बीबी' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला पुढं पुष्कळ दिवस कळलं नाही.

तर मलकपेठच्या एका डॉक्टरम्मांची गाडी आली होती. बाळंतपणाचं त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल. गाडी नवीकोरी, सहा महिन्यांची. तक्रार एकच : दर तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी बसलेली. स्टार्टर कण्हतो, आणि गप्प. बॅटरी आम्ही दोनदा बदलून दिली होती. आता त्यांनी ड्रायव्हर यादगिरीबरोबर गाडी पाठवली आणि फोनवर सारना सांगितलं, "रावगारू, पोरं माझी गाडी सुरू व्हायची वाट बघत नाहीत."

इथं थोडं थांबून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आपल्या घरी गच्चीवर पाण्याची टाकी असते आणि खाली मोटर असते. टाकी म्हणजे बॅटरी. मोटर म्हणजे ऑल्टरनेटर. इंजिन फिरलं की पट्टा फिरतो, पट्ट्यानं ऑल्टरनेटर फिरतो आणि वीज तयार करतो. ती वीज दिवे, हॉर्न, पंखा चालवते आणि उरलेली टाकीत, म्हणजे बॅटरीत जाते. त्यात डायोड नावाच्या लहानशा बटणांसारख्या वस्तू असतात. त्यांचं काम एकच, वीज एका दिशेनं जाऊ द्यायची, परत येऊ द्यायची नाही. आणि एक रेग्युलेटर असतो. तो म्हणजे टाकी भरत आली की 'मोटर बंद करा' म्हणून ओरडणारी घरमालकीण.

पूर्वीच्या गाड्यांना ऑल्टरनेटर नव्हता, डायनमो होता. तो कसा तपासायचा याची एक जुनी युक्ती होती. इंजिन चालू ठेवा, बॅटरीच्या टोकावरची, म्हणजे टर्मिनलवरची वायर काढा. इंजिन चालत राहिलं तर डायनमो ठीक, बंद पडलं तर गेला. हैदराबादेतला प्रत्येक जुना मिस्त्री हे करायचा. बघायला मजा यायची, गिऱ्हाईकही खूश व्हायचं.

पण मोटर चालू असताना गच्चीवरची टाकीच उचलून नेली तर? जोरात आलेलं पाणी जाणार कुठं? घरातले नळ तुटतील. ऑल्टरनेटरचं तसंच आहे. बॅटरी ही त्याची उशी आहे. ती काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि जे नाजूक असेल ते पहिलं जातं. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. माझ्या वहीत त्या पानावर साडीच्या काठाची कोयरी काढलेली होती, फार सुंदर. तास जेवणानंतरचा होता.

त्या दुपारी चाचा नमाजला गेले होते. यादगिरी चहाला. सकाळी चाचांनी मीटर लावून ऑल्टरनेटरवर चौदा व्होल्ट बघितले होते आणि म्हणाले होते, "इसकू कुछ नहीं हुआ. बीमारी दूसरी जगा है. ठैरो, सोचने दो."

मला थांबायचं नव्हतं. चाचा परत येईपर्यंत माझा निकाल तयार हवा होता. मीटरवरचे आकडे काय, कुणीही बघतो. मी इंजिन चालू केलं, पाना घेतला आणि वायर काढली.

इंजिन चालत राहिलं. मी स्वतःशीच म्हणाले, "वा, मालती!" आणि हातानं थ्रॉटल ओढून जरा रेस दिली.

डॅशबोर्डचे दिवे लग्नमंडपासारखे उजळले. कॅसेट प्लेअरमधून 'चट्' असा आवाज आला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मी घाईघाईनं वायर लावली, नट घट्ट केला, चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पण डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझेना. हा दिवा म्हणजे ऑल्टरनेटर चार्ज करत नाही याची खूण. सकाळी तो विझत होता. म्हणजे ज्या ऑल्टरनेटरला काहीही झालेलं नव्हतं, त्याला मी मारलं होतं.

मी इंजिन बंद केलं, पाना जागेवर ठेवला आणि हात धुवायला गेले. साबण लावून दोनदा धुतले.

परत आले तर चाचा गाडीपाशी उभे होते. मीटर लावलेला. इंजिन चालू, आणि आकडा बाराच्या खाली घसरत चाललेला. त्यांनी बॅटरीच्या नटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांचा नट नेहमी एका बाजूला तिरपा असायचा, हत्यार फिरवायला जागा राहावी म्हणून. मी तो सरळ बसवला होता.

तेवढ्यात सार आले.

"एमैंदी मियां, क्या हुआ? सकाळी चौदा दाखवत होता ना? आता का मेला?"

"मालूम नहीं साब."

"वो टर्मिनल निकालने का खेल खेले क्या तुम? पुराना खेल?"

"नहीं साब."

"तो अपने आप मरा?" सारचा आवाज चढला. मग माझ्याकडे वळून, "मालतम्मा, तुम देखे क्या?"

आता बघा. एवढं सोपं होतं. एक वाक्य. पण सव्वीस वर्षांची, ट्रेनिंग घेतलेली, वर्कशॉपातली पहिली बाई असलेली मी म्हणाले, "नहीं सार, मैं स्टोर में थी."

चाचा मीटरची वायर गुंडाळत राहिले.

सार त्यांना म्हणाले, "शनिवारी कंपनीचा माणूस येतोय. त्यानं पास केलं तर आपण त्यांचं ऑथराइज्ड वर्कशॉप. ये नई गाडियां तुम्हारे हाथ की नहीं मियां. तुम अब घर पे आराम करो. शनिवार के पहले हिसाब कर देता."

म्हणजे माझ्या दोन मिनिटांच्या रुबाबापायी एका माणसाचं वर्कशॉप सुटणार होतं. तेही त्या माणसाचं, ज्यानं मला वायरचा रंग न बघता तिच्या जाडीवरून तिचं काम ओळखायला शिकवलं होतं.

संध्याकाळी निघताना मी बघितलं. चाचांनी त्यांचा हत्यारांचा पत्र्याचा डबा सायकलच्या कॅरियरला बांधला होता. आमच्याकडे मिस्त्रीची हत्यारं त्याची स्वतःची असतात. रात्री डबा वर्कशॉपातच राहतो. डबा घरी गेला की माणूस गेला, असं समजतात.

घरी मी अर्धी भाकरी खाल्ली. आईनं विचारलं, "काय गं, गाडी बिघडली का?"

म्हटलं, "गाडी नाही, मी."

"मग सुधार की," ती म्हणाली आणि कुकरची शिटी काढायला गेली. एवढ्या थोडक्यात मला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.

सकाळी मी सारच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर नवा कॉम्प्युटर होता, प्लॅस्टिकचं कव्हर घातलेला. तो चालवता कुणालाच येत नव्हता, पण कंपनीच्या माणसाला दाखवायचा होता.

"सार, टर्मिनल मैंने निकाला था. गौस चाचा ने हाथ नहीं लगाया."

सारनी चष्मा काढला. "तुम? ट्रेनिंग वाली?"

"हौ सार."

"ट्रेनिंग में ये सिखाये?"

"नहीं करना करके सिखाये सार. मैं उस टैम सोई थी."

रागवायचं की हसायचं हे सारना ठरेना, म्हणून त्यांनी तेलुगूत दोन वाक्यं म्हटली, ती इथं लिहीत नाही. मग म्हणाले, "कल झूठ कैकू बोले?"

मी कॉम्प्युटरच्या कव्हरकडे बघितलं.

"सुनो," ते म्हणाले. "नया ऑल्टरनेटर मद्रास से आता, दस दिन. शनिवार को दो दिन हैं. डॉक्टरम्मा की गाडी शनिवार को चलना, और ठीक चलना. चली तो दोनों रहो. नहीं तो दोनों जाओ. और डॉक्टरम्मा कू फोन तुम करना. मैं नहीं करता."

फोन मी केला. डॉक्टरम्मांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे गाडीला आधी एक आजार होता, आता दोन?"

"हो, मॅडम."

"एक आजार तुमचा?"

"हो, मॅडम."

"आणि पहिला?"

"तो अजून सापडला नाही, मॅडम."

"माझ्या हॉस्पिटलमध्ये असं कुणी सांगितलं असतं तर," त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथंच सोडून फोन ठेवला.

चाचा गेटपाशी आले तेव्हा डबा सायकलवरच होता. उरलेलं सामान न्यायला आले होते. मी पुढं जाऊन सांगितलं, की सारपाशी सगळं कबूल केलं आणि दोन दिवस मिळालेत. माझा चेहरा बहुतेक रडवेला असावा, कारण ते म्हणाले, "रोना नक्को. पहले डब्बा उतारो. भारी है."

ऑल्टरनेटर गाडीतून काढला. चाचांनी बाकावर मांडला, स्वतः स्टूल ओढून बसले आणि हात छातीवर बांधले. "खोलो."

"मी?"

"तुम मारे ना? तुमीच जिलाओ."

खोलला. मधोमध फिरणारा रोटर, भोवती तांब्याच्या तारांचा स्टेटर, मागं कार्बनचे दोन ब्रश आणि डायोडची पट्टी. डायोड तपासायचा मीटरनं. वायर एका बाजूनं लावली तर वीज गेली पाहिजे, उलटी लावली तर अडली पाहिजे. आमच्या पट्टीतले दोन दोन्ही बाजूंनी सताड उघडे होते. वाडा सोडून गेलेल्या भाडेकरूच्या दारासारखे. रेग्युलेटरही गेलेला.

चाचांच्या डब्याच्या तळाशी एक बिस्किटांचा पुडा होता, त्यात बिस्किटं नव्हती, डायोड होते. भंगारात आलेल्या ऑल्टरनेटरमधून काढून, तपासून, जुन्या उर्दू पेपरात गुंडाळून ठेवलेले. त्यातून मापाचे दोन निवडले. रेग्युलेटर तसा मिळेना. तो मी दुपारी मोपेडवर तीन दुकानं पालथी घालून शोधला. जुने दाबून काढणं, नवे दाबून बसवणं, तारा सोल्डर करणं, सगळं माझ्याकडून करून घेतलं. दोनदा माझं सोल्डरिंग त्यांनी चिमट्यानं ओढून बघितलं आणि ते सुटून आलं.

"इंजनेर बीबी, ये चिपकाए कि सिर्फ रखे?"

तिसऱ्यांदा टिकलं.

गाडीला बसवला, पट्टा ताणला. पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा, थोडासाच दबला पाहिजे. ढिला असेल तर घसरतो आणि चिवचिवतो, फार ताणला तर ऑल्टरनेटरचं बेअरिंग खातो. इंजिन चालू केलं. लाल दिवा विझला. मीटर : चौदा. मी नाचायचीच बाकी होते.

"बैठो," चाचा म्हणाले. "ये तो तुम्हारी बीमारी गई. गाडी की कहां गई?"

खरंच की. मूळ आजार तसाच होता. ऑल्टरनेटर आधीही चौदाच देत होता.

यावेळी मी अगदी शहाण्या मुलीसारखी मीटर घेऊन बॅटरीवर गेले. हेडलाइट आणि पंखा चालू केला. ऑल्टरनेटरवर चौदा, बॅटरीवर जेमतेम साडेबारा. मधले दीड व्होल्ट गेले कुठं? मोटर पूर्ण जोरात चालते आहे आणि टाकीत मात्र धार बारीक पडते आहे. म्हणजे पाइपात कुठंतरी अडतं आहे.

वीज जाते तशी परतही यावी लागते. गाडीत परतीचा रस्ता म्हणजे इंजिनपासून बॉडीपर्यंतची एक चपटी, विणलेली तांब्याची पट्टी. तिला आम्ही अर्थ म्हणतो.

चाचांनी खाली हात घालून तिच्या बॉडीकडच्या टोकाला बोट लावलं आणि पटकन मागं घेतलं. "हाथ लगाके देखो. संभाल के."

गरम होती. भाकरीच्या तव्याच्या कडेसारखी. जिथं वीज अडते तिथं जागा तापते. मी नट खोलला. पट्टीखाली स्वच्छ लोखंड हवं होतं. तिथं होतं काळं, जाड, चकचकीत अँटी-रस्ट कोटिंग. गाडी गंजू नये म्हणून नव्या गाडीला खालून मारतात ते. त्या दिवसांत त्याचं मोठं खूळ होतं. ज्याची गाडी नवी, तो आधी कोटिंग करून घ्यायचा. आणि ते कोटिंग आमच्याच वर्कशॉपात झालं होतं. पट्टी काढली, रंग मारला, रंगावरच पट्टी बसवून नट आवळला. दोन बॅटऱ्या बदलल्या, एक ऑल्टरनेटर मेला, एक माणूस घरी जाता जाता राहिला, आणि आजार आमच्याच ब्रशनं लावलेला.

पॉलिश पेपरनं घासून लोखंड उघडं केलं, पट्टी बसवली, वरून ग्रीस लावलं. बॅटरीवर मीटर : चौदा. मी चारदा बघितला. चाचांनी एकदाही नाही.

शनिवारी कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, हातात लांबलचक चेकलिस्ट. सारनी त्याला कॉम्प्युटर कव्हरसकट दाखवला. नेमक्या त्याच वेळी डॉक्टरम्मा स्वतः गाडी घ्यायला आल्या. टायवाल्यानं विचारलं, काय प्रॉब्लेम होता? सार छताकडे बघू लागले. मग मीच सांगितलं. दोन्ही आजार, क्रमानं.

त्यानं सगळं लिहून घेतलं. कोटिंगच्या वेळी अर्थची जागा झाकून ठेवा, असं सगळ्या वर्कशॉपांना कळवतो, म्हणाला. माझ्या टर्मिनलबद्दलही लिहायला लागला, तेव्हा डॉक्टरम्मा म्हणाल्या, "ते राहू द्या. पेशंट घरी चाललाय." नवा कॅसेट प्लेअर मात्र त्यांनी सारकडून मागून घेतला. वर्कशॉप पास झालं. त्या गाडीची बॅटरी त्यानंतर कधी बसली नाही. यादगिरी नंतर नुसता तेल बदलायला यायचा आणि दर वेळी मला विचारायचा, "अम्मा, टर्मिनल निकालू क्या?"

तेव्हा, ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी एवढं करा. लाल दिवा लागला तर पुढच्या वळणावर नाही, तिथंच लक्ष द्या. बॅटरीच्या टोकावर पांढरी पूड जमली तर गाडी बंद करून गरम पाण्यानं धुवा. पट्ट्याला कधीतरी अंगठा लावा. बॅटरी वारंवार बसत असेल तर नवी घेण्याआधी मीटर दोन्ही टोकांना लावून घ्या. चालू इंजिनवर बॅटरी काढू नका, कुणीही सांगितलं तरी. आणि चूक झाली तर हात एकदाच धुवा.

त्या शनिवारी टायवाला गेल्यावर मी चाचांना विचारलं, "चाचा, तुमको पहले दिनइच मालूम था ना? नट देख के? फिर साब कू बोले कैकू नहीं?"

त्यांनी कानावरचा टेस्टर काढला, पुसला, परत खोचला.

"मैं भी एक फोडा था बीबी, फॉरेन की गाडी में पहला-पहला ऑल्टरनेटर आया तब. साब पूछे तो मैं चुप रहा. नाम हमारे उस्ताद का आया. वो घर कू गए, और उनकी जगा मेरेकू मिली. बीस बरस हो गए, मैं अब तक नहीं बोला. तुम तो एकीच दिन में बोल दिए."